मुन्शीजींचं आवतण

मुन्शीजींच्या घरात मीठ संपलं तरी अर्ज करावा लागे.

हे मी पदरचं सांगत नाही. जिंतूरला त्यांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत होती, कच्च्या विटांची, आणि तिच्या वरच्या अंगाला मांजर जाईल एवढी फट होती. सकाळी मी दाढीला बसलो की पलीकडून गंगाकाकूंचा आवाज येई, "ऐकलं का, मीठ सरलंय." मग मुन्शीजी घसा साफ करत आणि म्हणत, "गौर केलं जाईल," म्हणजे विचार होईल. दुपारी चपराशाच्या हातून मीठ येई. लुगड्याचा अर्ज तीन-तीन महिने पडून राही. माहेरी जायचा अर्ज दर वर्षी पंचमीच्या आधी दाखल होई आणि मुन्शीजी 'ना-मंजूर' हा शब्द अशा रुबाबात उच्चारत की भिंतीच्या अलीकडे मला तोंडाला साबण असताना उठून उभं राहावंसं वाटे. काकूही बधणाऱ्यातल्या नव्हत्या. "उलटं लिवून लिवून मानूसच उलटा झाला," असं त्या चुलीला सांगत; म्हणजे मला नीट ऐकू येईल अशा आवाजात.

उलटं म्हणजे उर्दू. निजामाचं राज्य होतं, कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले, आणि गोविंदराव तहसील कचेरीचे मुन्शी होते. कच्चा मजकूर कुणीही लिहो, त्याची साफ नक्कल यांच्या हातची. घराणं पिढ्यान्पिढ्या नांगराचं. थोरला भाऊ गावाकडे शेती करत होता. गोविंदराव तेवढे लहानपणी एका मौलवींच्या हाताखाली बसले आणि अक्षराच्या जोरावर कचेरीत चिकटले. त्या सगळ्या प्रवासाचा नकाशा त्यांच्या पोशाखात होता. वर काळी शेरवानी आणि रुमी टोपी, खाली धोतर आणि करकरणाऱ्या वहाणा. "मुन्शीजी वरून हैदराबाद आणि खालून जिंतूर," असं मी एकदा बोललो ते त्यांच्या कानावर गेलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहाणांना तेल लावून आले.

पण अक्षर! त्या अक्षराची मी थट्टा करू शकलो नाही, आणि मी थट्टा न केलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. ज्यांना एक हरफ वाचता येत नाही असे शेतकरीसुद्धा त्यांच्या नकला घडी न मोडता देव्हाऱ्यात ठेवत. बांधाच्या भांडणात हरलेला एक म्हातारा निकालाची नक्कल घेऊन बाजारभर फिरत होता. म्हणे, "हारलो, पर कागूद तर बघा." जुम्म्याच्या सुट्टीला मुन्शीजी ओट्यावर बसून बोरू तासत. पत्र्याच्या डबीत सात बोरू असत आणि ते काकूंनाही शिवायची मुभा नव्हती. एकेक बोरू तासून झाला की नखावर टेकवून बघत, मग उन्हाकडे धरून बघत, आणि समाधान झालं की मला म्हणत, "मास्तर, मानसाला न्हाई म्हनता येतं. सरकारी कागदाला कुनी न्हाई म्हनत न्हाई."

त्यांच्या पोटच्या पोरानं मात्र म्हटलं होतं.

नामदेव त्यांचा एकुलता एक मुलगा. मी त्या घराशेजारी राहायला आलो तेव्हा तो विशीत होता आणि बापानं स्वतः शिकवलेली उर्दू त्याला उत्तम येत होती, पण त्याचा जीव चुलत्याच्या शेतात. एका साली रब्बीच्या पेरणीत कुणी मोठा अधिकारी दौऱ्यावर आला. अशा वेळी गावानं फुकट गाड्या द्यायच्या, फुकट सरपण द्यायचं, फुकट कोंबड्या द्यायच्या, असा वेठीचा रिवाज होता. चुलत्याची पाभर थांबवून गाडी मागितली. नामदेव मुकाट्यानं गाडी घेऊन गेला. तीत साहेबांचा तंबू, पलंग, भांडी आणि न्हाणीचं घंगाळ भरलं. नदीच्या ऐन पात्रात त्यानं बैल सोडले, ते घेऊन तो शेतात परत आला आणि पेरणीला लागला. साहेबांचं बिऱ्हाड दिवसभर गुडघाभर पाण्यात उभं होतं. साहेबांनी त्या दिवशी आंघोळ केली नाही असं लोक सांगत, आणि सांगताना दारं लावून घेत.

मग कागद झाला. सरकारी कामात अडथळा केल्याबद्दल नामदेव वल्द गोविंदराव याला पकडून आणावं, असा हुकूम. मसुदा साफ करायला मुन्शीजींच्या मेजावर आला. शेजारच्या कारकुनानं मला पुढे कित्येकदा सांगितलं की तो म्हणाला होता, मुन्शीजी, हा एक मला द्या. मुन्शीजी म्हणाले, तुमचं अक्षर साहेबांना लागत नाही. आणि त्यांनी तो हुकूम शाईचा एक ठिपका न उडवता लिहून काढला.

चपराशी भला माणूस होता. पोलिसांच्या तासभर आधी घरी आला आणि कागद नामदेवच्या हातात देऊन पाणी प्यायच्या निमित्तानं परसात गेला. नामदेव भाकरी खात होता. त्यानं हात धुतले, पुसले, कागद वाचला आणि काकूंना म्हणाला, "आई, अक्षर लय झाक आलंय." आणि मागच्या दारानं गेला. जिंतुराहून वऱ्हाडची सरहद्द लांब नाही. पलीकडे इंग्रजी मुलूख. पोहोचला की सुटला.

वर्षभरात तो अधिकारी बदलून गेला, कुणी पाठपुरावा केला नाही, आणि ते प्रकरण बंद होऊन दफ्तरात पडलं. बंद केल्याचा शेराही मुन्शीजींनीच लिहिला. मिरचीचे व्यापारी सरहद्दीपलीकडून येत, त्यांच्याकडून कळलं होतं की नामदेव वाशीमकडे कापसाच्या एका जिनात कामाला आहे. म्हणजे ठिकाण माहीत, प्रकरण मिटलेलं. एक कार्ड टाकलं असतं तर काम झालं असतं. काकू रोज म्हणत, एक कार्ड टाका. भिंतीपलीकडून उत्तर येई, "बापानं आधी लिवायचं आस्तं व्हय?" आणि मग बोरू तासल्याचा आवाज.

अशी तीन वर्षं गेली आणि हुजुरांच्या, म्हणजे निजामाच्या, गादीला पंचवीस वर्षं पुरी झाली.

हैदराबादेहून हुकूम आला की तालुक्या-तालुक्यात खुशी साजरी व्हावी. आमच्या तहसीलदारांनी सगळ्यांना बोलावलं. मास्तर लोकांनाही, कारण फुकटचं काम निघालं की मास्तर आठवतात. तहसीलदार हौशी होते. रोषणाई सगळेच करतील, मिठाई सगळेच वाटतील, आपल्या तालुक्यानं काहीतरी निराळं करावं, असं त्यांचं म्हणणं. सगळे पायाकडे बघत बसले. तेवढ्यात कोपऱ्यातून खोकल्याचा आवाज आला. वीस वर्षांत ज्या माणसानं कचेरीत स्वतःचं मत असं एकही दिलं नव्हतं ते मुन्शीजी उभे राहिले आणि शेरवानीचं वरचं बटण लावून म्हणाले, "हुजूर, एक अर्ज है."

अर्ज असा होता. या तालुक्यातली माणसं पोटासाठी, रागानं, भीतीनं मुलूख सोडून गेली आहेत. मुंबईच्या गिरणीत आहेत, वऱ्हाडच्या जिनात आहेत. खुशीच्या दिवशी सरकारनं त्यांना परत बोलवावं. वेशीत कमान उभारावी, स्टेशनावर गाड्या पाठवाव्यात, नावं पुकारून एकेकाला फेटा बांधावा, सगळ्यांनी पंगतीला बसावं. परभणीचे अव्वल तालुकदार, म्हणजे आताचे कलेक्टर, स्वतः बघतील की हुजुरांच्या मायेनं रयत कशी घरी आली.

तहसीलदारांनी मेजावर हात मारला. मुन्शीजींची राजनिष्ठा पाहून हेडकारकुनाचे डोळे पाणावले. मी मात्र मुन्शीजींच्या हाताकडे बघत होतो. ते बटण एकसारखं लावत होते आणि काढत होते. बापानं आधी लिहायचं नव्हतं ना, म्हणून सरकारला लिहायला लावत होते.

पत्ते मिळवणं सोपं नव्हतं. पळून गेलेल्या माणसाचा पत्ता कचेरीच्या माणसाला कोण सांगेल? मुन्शीजी बैलगाडीनं गावोगाव हिंडले. एकदा सुट्टी म्हणून मीही गेलो. एका घरी म्हातारी जात्यावर बसली होती, तिचा मुलगा मुंबईला. मुन्शीजींनी सांगितलं, सरकार जेवायला बोलावतंय. म्हातारी जातं न थांबवता म्हणाली, "मुन्शीजी, आजवर सरकारच आमच्याकडं जेवलं की वो." मी तोंड फिरवून हसलो. मुन्शीजी हसले नाहीत. त्यांनी शपथेसाठी तिच्या देव्हाऱ्यातला बेलभंडार उचलला आणि म्हणाले, "माझंबी लेकरू यादीत हाय, काकी." तेव्हा जातं थांबलं. तिनं पत्ता सांगितला. अशा शंभरावर घरांतून त्यांनी बेल उचलून पत्ते आणले.

मग पाकिटं लिहायला बसले. आठ दिवस लिहीत होते. मी एक निमंत्रण उचलून वाचलं आणि मला घामच फुटला. वर तहसील कचेरीचं नाव, मधोमध गोल शिक्का, आणि मजकूर असा की अमुक वल्द अमुक, राहणार अमुक, यानं अमुक तारखेस तहसील कचेरीसमोर हाजिर व्हावं.

"मुन्शीजी, हे आवतण आहे की समन्स?"

"मास्तर, सरकार 'या' म्हनत न्हाई. सरकार 'हाजिर व्हावं' म्हनतं. म्होरं बघा की, 'बइज्जत' लिवलंय."

लिहिलं होतं. हाजिरच्या आधी, जरा बारीक अक्षरात, 'बइज्जत' लिहिलं होतं. म्हणजे मानानं हाजिर व्हावं. वीस वर्षं त्यांनी समन्स, वॉरंट, जप्ती एवढंच लिहिलं होतं. बोलवायची दुसरी रीत त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हती.

त्याच दिवशी काकूंनी मला फटीतून हाक मारली आणि म्हणाल्या, "मास्तर, माझ्या नावानं दोन वळी लिवा. सरळ मराठीत." मी लिहिल्या: 'नामदेव, केस मिटली आहे. ये. तुझी आई.' काकूंनी तो कागद नामदेवच्या पाकिटात सारला. लाख लावायच्या आधी मुन्शीजींनी पाकीट चाचपलं. कागद काढला, उलगडला, वाचला. पुन्हा घडी घालून माझ्या हातात दिला. सरकारी लिफाफ्यात खाजगी कागद घालता येत नाही, म्हणाले. नियम होता तसा, खोटं नाही. मी तो कागद पंचांगात ठेवला. वेगळं तिकीट लावून मला तो स्वतः टाकता आला असता. पण म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला? आणि खरं सांगायचं तर मला खुशीच्या दिवसासाठी पोरांचा पोवाडा बसवायचा होता.

यापुढचा अर्धा भाग मी आजवर कितीतरी बैठकांत रंगवून सांगितला आहे आणि लोक पोट धरून हसले आहेत. उरलेला अर्धा मी सांगत नाही. आज दोन्ही सांगतो.

त्या दिवशी वेशीत कमान उभी राहिली. तिच्यावर पांढरं कापड आणि त्यावर तांबड्या शाईत मुन्शीजींच्या हातचं 'खुशआमदीद', म्हणजे सुस्वागतम, एकेक अक्षर हातभर. बारा बैलगाड्या, शिंगांना गोंडे लावून, सेलूच्या स्टेशनावर गेल्या होत्या. मुन्शीजी सकाळपासून कमानीखाली उभे. त्या दिवशी टोपी नवी होती आणि दाढी दोनदा केली होती, हनुवटीवर कापल्याची खूण होती. काकू बायकांच्या घोळक्यात पदराखाली काहीतरी धरून बसल्या होत्या.

दुपार कलल्यावर गाड्या आल्या. पहिलीत एक बैरागी होता. दुसरीत सेलूच्या बाजाराला गेलेली एक बाई, तिच्या दोन शेळ्या आणि केळीचा घड. बाकीच्या दहा रिकाम्या. मुन्शीजींनी पहिल्या गाडीवानाला काहीतरी विचारलं. दुसऱ्याला विचारलं नाही.

आणि तासाभरात अव्वल तालुकदारांची मोटार यायची होती.

तहसीलदारांचा चेहरा मी विसरणार नाही. घामानं त्यांची डोक्यावरची दस्तार पुढे सरकली होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. मी शाळेत नाटकं करतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काय सांगितलं ते ऐकून, आता लाज वाटते, पण मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चपराशी, मास्तर, दोन न्हावी, पटवाऱ्याचा मेव्हणा, जे सापडले ते मी गोळा केले. कुणाला धुळीत लोळवलं, कुणाच्या खांद्यावर वळकटी दिली. गाड्या पुन्हा नाल्यापलीकडे नेल्या आणि त्यांत परदेशी गेलेली रयत भरली. हेडकारकुनानं यादीतल्या नावांच्या चिठ्ठ्या वाटल्या. माझी मी न वाचताच खिशात घातली, कारण मी मुंबईचा गिरणी कामगार व्हायचं ठरवलं होतं आणि तोंडानं भोंग्याचा आवाज काढून बघत होतो.

मोटार आली. बेंडबाजा वाजला. आम्ही गाड्यांतून उतरून मांडवात रांगेनं बसलो. बैरागीही आमच्यात बसला; त्याला पंगतीचा वास लागला होता. तालुकदार वयस्कर, शांत, जरा कमी ऐकू येणारे गृहस्थ होते. यादी पुकारायला मुन्शीजी उभे राहिले. समोर कोण बसलंय हे त्यांना दिसत होतं. रोज त्यांच्या मेजावर पाणी ठेवणारा चपराशी मुंबईचा म्हणून उठत होता आणि ते त्याला फेटा बांधायला पुढे बोलावत होते. आवाज जराही हलला नाही. पटवाऱ्याचा मेव्हणा दोन नावांना उठला तरी ते थांबले नाहीत.

मग ते थांबले. कागद जरा लांब धरला. म्हणाले, "नामदेव वल्द गोविंदराव."

कुणी उठेना. मी इकडे-तिकडे बघितलं. हेडकारकून माझ्याकडे डोळे वटारत होता. मी खिशातली चिठ्ठी काढून वाचली.

आयुष्यात मी पुष्कळ सोंगं केली आहेत. एवढं जड सोंग पुन्हा वाट्याला आलं नाही. मी उठलो आणि म्हणालो, "हाजिर."

तहसीलदारांनी हौसेनं तालुकदारांच्या कानात सांगितलं की हा खुद्द आमच्या मुन्शींचा मुलगा. म्हातारे गहिवरले. म्हणाले, मुन्शीसाहेब, मुलाला भेटा, आमच्यासमोर भेटा. भोंगा, गिरणी, समुद्र, सगळं माझ्या डोक्यातून गेलं. मी चालत गेलो आणि मुन्शीजींच्या पायांवर डोकं ठेवलं. वहाणांना तेल लावलेलं होतं. त्यांचा हात माझ्या पाठीवर आला, बोरूनं घट्टे पडलेला. पाठीवरून तो मानेपर्यंत फिरला, आणि मला एकट्यालाच ऐकू येईल असं ते बोलले, "लय वाळलास रं."

मी वाळलेला नव्हतो. त्या काळात माझ्या सदऱ्याचं पोटावरचं बटण लागत नसे.

टाळ्या वाजल्या. मी उठून मागे वळलो तर गंगाकाकू बायकांतून उठून मांडवाच्या दोरीपर्यंत धावत आल्या होत्या. लांबून त्यांना एवढंच दिसलं होतं की नवऱ्याच्या पायावर कुणी तरुण माणूस वाकला आहे. माझं तोंड दिसलं आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या होता. बाहेरगावाहून आलेल्यावरून उंबऱ्याशी ओवाळून टाकतात तो. मला पळून जावंसं वाटलं.

"आनलाय तर ओवाळते," काकू म्हणाल्या. "उभं ऱ्हावा, मास्तर."

मी उभा राहिलो. त्यांनी तुकडा तीनदा ओवाळला, पाणी फिरवलं आणि तुकडा लांब टाकला. तो त्या बाजाराला गेलेल्या बाईच्या शेळीनं खाल्ला.

पंगत झाली. तालुकदारांनी तहसीलदारांची पाठ थोपटली. बाकीचं पुढच्या महिन्यात कळत गेलं.

मुंबईच्या चाळींत आणि वऱ्हाडच्या जिनांत शिक्क्याची पाकिटं पोहोचली होती. बहुतेकांना उर्दू येत नव्हती. त्यांनी ती जाणत्यांकडे नेली. जाणत्यांनी वाचून सांगितलं की तहसील कचेरीत हाजिर व्हायला सांगितलंय. मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, सोडून आलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. ज्यांची काही भानगड नव्हती तेसुद्धा रातोरात बिऱ्हाडं हलवून गेले. काल ज्यांचा पत्ता घरच्यांना ठाऊक होता, त्यांचा आता कुणालाच ठाऊक राहिला नाही. जात्यावरची ती म्हातारी पायी जिंतुराला आली. शिव्या देईल म्हणून मी कान टवकारले. तिनं मुन्शीजींच्या ओट्यावर वाळलेलं बेलाचं पान ठेवलं, "तुमचा बेल, मुन्शीजी," एवढं म्हणाली आणि पाणीही न पिता गेली.

नामदेवचं मिरचीच्या व्यापाऱ्यानं सांगितलं. पाकीट आलं तेव्हा तो कापूस टाकत होता. बाकीच्यांना वाचून घ्यावं लागलं, याला लागलं नाही. यानं तर पाकीट उघडलंही नाही. वरचा पत्ता बघितला, अक्षर बघितलं, घोंगडी उचलली आणि गेला. कुठे, ते जिनात कुणाला माहीत नाही. पाकीट परत आलं, लाख तशीच होती.

मुन्शीजींनी मला बोलावलं. लाख त्यांनी त्याच वेळी फोडली, माझ्यासमोर. निमंत्रण पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मास्तर, ह्यात 'बइज्जत' कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. होतं तिथेच होतं, बारीक.

"त्यानं उघडून बघाया पाह्यजे हुतं," ते म्हणाले. मग निमंत्रण पुन्हा स्वतःकडे ओढून घेत, "न्हाई. म्या मोठं लिवाया पाह्यजे हुतं. वरच्या अंगाला."

त्यानंतर भिंतीपलीकडे बोरू तासल्याचा आवाज आला नाही. कचेरीत ते जात, लिहीत. अक्षर तसंच राहिलं, पण नकलेत शब्द गळू लागले असं तो कारकून सांगे. घरात मात्र अजब झालं. काकूंनी काहीही म्हणावं, वाक्य पुरं व्हायच्या आत "मंजूर" येई. लुगडं मंजूर. माहेर मंजूर, खर्चासकट मंजूर. काकू माहेरी गेल्या नाहीत. हळूहळू त्यांनी मागणंच सोडलं. मीठ सरलं तरी सांगेनाशा झाल्या. ते मुन्शीजींना आळणी भाकरी-कालवण खाल्ल्यावर कळायचं, आणि ते ताट पुरं करून उठत.

पुढे माझी बदली मानवतला झाली. भिंत सुटली.

शेवटचं दर्शन निजामाचं राज्य गेलं त्या सालातलं. शेवटच्या धामधुमीत अर्धा तालुका सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जाऊन बसला होता. राज्य गेलं आणि माणसं परतू लागली. कुणी बोलावलं नव्हतं, गोंडे नव्हते, बेंडबाजा नव्हता. पण रस्त्यानं गाड्यांमागून गाड्या. वर खाटा, कोंबड्या, म्हातारी माणसं. मी काही कामानं जिंतुराला गेलो होतो. गावाबाहेर, वऱ्हाडाकडून येणाऱ्या वाटेवर, दोन कडुलिंबांच्या मधे एक पांढरं कापड ताणलेलं दिसलं. उन्हात ते झिरझिरीत झालं होतं आणि त्याच्या पाठीमागून तांबड्या रंगाचं काहीतरी पुसट, उलटं दिसत होतं. ते 'खुशआमदीद' होतं. कापडाची कोरी बाजू आता पुढे होती आणि तीवर कोळशानं लिहिलं होतं:

नामदेव, केस मिटली आहे. ये. तुझी आई.

माझ्याच दोन ओळी. अकरा वर्षांपूर्वी एकदाच, लाख लावायच्या आधी, त्यांनी त्या वाचल्या होत्या.

पण अक्षर! वेलांट्या आडव्या पडलेल्या, काने एकमेकांवर रेललेले, 'ये' एका बाजूला घसरलेला. पहिलीतल्या पोरानं पाटीवर काढावं तसं. खाली काकू पाण्याची घागर घेऊन बसल्या होत्या, येणाऱ्या प्रत्येक गाडीला पाणी देत होत्या. केस सगळे पांढरे. शेजारी मुन्शीजी उभे होते. शेरवानी नव्हती, टोपी नव्हती. वर-खाली सगळं जिंतूरच.

मी पाया पडलो. या वेळी कुणी मला दुसऱ्याच्या नावानं पुकारलं नव्हतं, तरी त्यांचा हात क्षणभर मानेपाशी अडखळला. मी विचारलं, हे कुणाकडून लिहून घेतलं?

"म्याच लिवलंय," ते म्हणाले. "डाव्या हातानं. उजव्या हाताचं अक्षर त्यो वळखतो."

वळणावर आणखी एक गाडी दिसली. काकूंनी घागर उचलली आणि त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मुन्शीजींनी कापडाची सुरकुती हातानं सारखी केली, एकदा गाडीकडे बघितलं, आणि गाडीतल्या माणसाला आपण दिसू नये म्हणून लगबगीनं लिंबाच्या खोडाआड जाऊन उभे राहिले.